उलट्या झाकणाचा डबा

१९ ऑगस्ट

आज रुमाल धुवायला टाकताना तारामती म्हणाली, "ह्ये तुमी वेगळं भिजवा. माझ्या साड्यांत नगं."

तिचं बरोबर आहे. मी स्वतः तो रुमाल दोन बोटांत कोपऱ्याला धरून मोरीपर्यंत नेला. सुकलेला भाग पापडासारखा कडक, ओला भाग बुळबुळीत. एवढं सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघतं यावर विश्वास बसत नाही. शेंबूड हा शब्द लिहितानाही शिसारी येते. पण ही वही दुसऱ्या कुणासाठी नाही, मग 'स्राव' लिहून कुणाला फसवायचं?

पाऊस उघडला की दरवर्षी थोडंफार होतं. यंदा पहाटेपासून शिंका, डोळ्यांना खाज, टाळूला खाज. जीभ उलटी करून टाळू खरवडत बसतो, कुत्र्यासारखा आवाज येतो. केंद्राच्या कुंपणाला गाजर गवत कमरेएवढं झालंय. पांढरी फुलं पिठासारखी झडतात. त्यावरच माझा संशय आहे.

काळजी अशी की नाक हेच माझं काम आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि लागलो भूमच्या या खवा संकलन केंद्रावर. वाड्यावस्त्यांवरचे लोक म्हशीचं दूध भट्टीवर आटवून खवा करतात आणि सकाळी डबे घेऊन रांगेत उभे राहतात. मी एकेक डबा उघडतो, चिमूटभर खवा तळहातावर चोळतो, हुंगतो. करपलेला, धुरकट, आंबूस, खवट, तेल मिसळलेला, कसलाही वास आला की डबा परत. परत गेलेल्या डब्याचं झाकण उलटं लावायचं, म्हणजे तो नजर चुकवून पुन्हा रांगेत शिरणार नाही. हा नियम माझा. एका हंगामात दोनदा झाकण उलटं झालं की हंगामभर खवा बंद, हाही माझाच. माझ्या नाकावर आजवर कुणी वाद घातलेला नाही.

२७ ऑगस्ट

आज घडलं ते लिहायची लाज वाटते. डब्यावर वाकलो होतो. नाकातून पाण्याचा थेंब निघाला आणि ओठावर येऊन थांबला. आणखी एक बोटभर खाली आणि तो खव्यात पडला असता. मी मान मागं घेतली, बाहीनं पुसलं. कुणी पाहिलं नसावं. पण मी पाहिलं. त्या खव्याचे पेढे देवीपुढं जाणार आहेत.

औषधाच्या दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. घातले की नाक लगेच सुटतं, तासाभरात पुन्हा बंद. मग पुन्हा घालतो. तोंडावर बांधायला पातळ फडकं घेतलं आहे. गोरोबा, आमचा वजन करणारा, म्हणाला, "साहेब, नवरीगत दिसायलाय." हसलो. आतून किळस होती.

४ सप्टेंबर

संध्याकाळी तारामती शेजारी गेली होती, दुधाकडं बघा म्हणून सांगून. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलो. ती फाटकातूनच ओरडत आली, "आवं, दूध करपलं की! बाहेरपस्तोर वास सुटलाय!" पातेल्याच्या बुडाला काळा थर. मी दोन हातांवर होतो.

वाचनात लक्ष होतं, दुसरं काही नाही. तरी खात्री करावी म्हणून कपाटातली बामची डबी उघडून नाकाशी धरली. चांगलं झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. नाक शाबूत आहे.

तारामती पातेलं घासत माझ्याकडं बघत होती.

१२ सप्टेंबर

जुनं पाठ्यपुस्तक काढलं. पानांतल्या धुळीनंच शिंका सुरू झाल्या, पण वाचलं. गवताचा पराग नाकात येतो. तो काही रोगजंतू नाही, त्याच्यापासून कसलाही धोका नाही. पण आतल्या पहारेकरी पेशी त्याचा तुकडा उचलून टी-पेशींना दाखवतात आणि त्या चुकीचं मत बनवतात. इंटरल्यूकिन-४ नावाचा निरोप जातो, त्यावरून बी-पेशी आयजीई प्रतिपिंडं बनवतात आणि ती प्रतिपिंडं मास्ट पेशींच्या अंगावर काट्यांसारखी जाऊन बसतात. इथवर माणसाला काहीच जाणवत नाही. पुढच्या खेपेला पराग त्या काट्यांना नुसता टेकला तरी मास्ट पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन ओतते. शिंका, खाज, पाणी. म्हणजे हा रुमाल मीच भरतो, गवत नाही. गवतानं काहीच केलेलं नाही. स्वतःच्या शरीराची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

खिडकीत ठेवलेला एक मळका रुमाल अप्पांच्या बोकडानं चावून खाल्ला. तसाच खाल्ला! मला ओकारी आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, खो खो हसले. "खाऊ दे की भीमा, धुवायचा वाचला." बोकड देवाला सोडलेला आहे, अप्पांच्या आजारपणात आईनं बोललेला नवस, आई गेली, बोकड राहिला. माझ्या खोलीच्या खिडकीखाली बांधलेला असतो. सकाळी निघताना त्याला मूठभर भरडा घालणं माझ्याकडं. तो मान माझ्या मांडीला घासतो, मी त्याच्या कपाळाला हात लावतो आणि निघतो. एवढीच काय ती माझी देवपूजा.

२१ सप्टेंबर

आज फरिदाबीचा डबा परत केला.

फरिदाबी पलीकडच्या वस्तीवरची, पन्नाशी उलटलेली, नवरा नाही. दोन म्हशींवर घर चालवते. पूर्वीपासून खवा आणते. आज झाकण काढलं आणि बोकडाचा दर्प एकदम आला. शेळ्या पाळणाऱ्या घरातला खवा; एक ना एक दिवस हे होणारच होतं. मी चटकन मागं सरलो.

"वास आहे," मी म्हणालो.

"कसला वास, साहेब?"

"बोकडाचा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "पर आमच्यात आता..." तेवढ्यात रांगेतून कुणीतरी ओरडलं, "चला की पुढं, खवा घामेजायलाय!" मी गोरोबाला विचारलं, "येतोय ना रे?" तो जवळ आला. एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "व्हय साहेब. वास तर हाय."

मी झाकण उलटं लावलं. तिनं डबा डोक्यावर घेतला आणि गेली. वाद घातला नाही. वाद न घालणं म्हणजे कबुलीच, असं तेव्हा वाटलं. आता लिहिताना तितकी खात्री नाही. पण वास होता, यात शंका नाही. गोरोबालाही आला.

हात तीनदा साबणानं धुतले.

२५ सप्टेंबर

गोरोबा सांगत होता, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं फरिदाबीचं दूध बंद केलं. "खव्याला वास हाय म्हणं, मग दुधाला बी आसंलच." रांगेतही तिच्या मागची बाई डबा जरा लांब धरून उभी राहते. मी काही हॉटेलवाल्याला सांगायला गेलो नव्हतो. लोक आपलं आपण ठरवतात. मी फक्त एका दिवसाच्या एका डब्याबद्दल बोललो.

नाक दोन्ही बाजूंनी बंद. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो, सकाळी जीभ कातड्यासारखी. घशात मागून काहीतरी चिकट उतरत राहतं, ते गिळावं लागतं. दिवसभर मी स्वतःलाच गिळतो.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. पेढ्याला मागणी, डबेच डबे.

फरिदाबी आली. डबा राखेनं घासून चकचकीत केलेला, वर कोरं पांढरं फडकं, कडेला लिंबाची फोड चोळल्याची खूण. ती समोर आली तेव्हाच मी मान मागं घेतली. वास येणार हे मला झाकण उघडायच्या आधीच कळलं होतं. आणि आला. मागच्यापेक्षा जास्त. चिमूट तळहातावर घेतली तर बोटांना चिकटून राहील या भीतीनं मी ती झटकून टाकली.

"साहेब, नीट हुंगा की एकदा," ती म्हणाली. "अल्लाची आन, डबा रातच्याला तीनदा घासलाय."

"डबा घासून काय होतं? वास दुधातच आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "सोड की म्हातारे, सणाचं देवीला जायाचं हाय ते."

दुसऱ्यांदा झाकण उलटं. म्हणजे हंगाम बंद. नियम सगळ्यांना एकच आहे. मी हे वाक्य तिलाही ऐकवलं आणि माझा आवाज मला आवडला नाही.

८ ऑक्टोबर

तुळजापूरकडच्या एका पेढेवाल्यानं माल परत पाठवला. शंकरप्पांचा खवा. शंकरप्पा म्हणजे मोठं घर, दारात तुळस, गोठ्यात देवाची तसबीर. त्यांच्या डब्यावर मी फार वेळ घालवत नाही. परवा चोळून पाहिला, रंग चांगला, दाणा चांगला, घेतला.

गोळा ऑफिसातल्या टेबलावर फोडला. आत हिरवट तंतू, मध्ये पाणी सुटलेलं, कडेला तेलकट पिवळा घेर. आमचे अध्यक्ष आण्णासाहेब दोन पावलं मागं गेले आणि उपरणं नाकाला लावलं. गोरोबा दारात जाऊन थुंकला. पेढेवाल्याचा माणूस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी मात्र टेबलावर वाकून बुरशीचा रंग न्याहाळत होतो.

"बलभीमराव," आण्णासाहेब उपरण्यातून म्हणाले, "तुम्हाला वास येत न्हाय का?"

"सवय आहे," मी म्हणालो.

घरी येऊन हिंगाची डबी उघडली. काही नाही. रॉकेलचा बोळा. काही नाही. स्वतःची बगल. काही नाही. बाम झोंबला. मी मोरीत उभा होतो आणि हातात घाण धरून ती घाण आहे हे मला कळत नव्हतं. यापेक्षा घाण काय असतं?

१० ऑक्टोबर

बार्शीला नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाईंकडं गेलो. त्यांनी नाकात बारीक नळी घातली, पडद्यावर आतलं दिसू लागलं. फिकट, निळसर, फुगलेली कातडी, तिच्यावर चिकट तारा, आणि वर, जिथं वासाच्या नसा असतात तिथं, सोललेल्या द्राक्षांसारखे ओले गोळे लोंबत होते. मी नजर वळवली.

"बघा की," डॉक्टर म्हणाल्या, "तुमचंच आहे."

हातावर थेंब टाकून सुईनं टोचलं. गाजर गवताच्या जागी रुपयाएवढी लाल गांधी उठली. मग डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाशी धरली. लवंग, कॉफी, लिंबू, आणखी काय काय. मी प्रत्येक वेळी थांबलो. शेवटी अंदाजानं "लवंग" म्हणालो.

"ही बाटली रिकामी होती," त्या म्हणाल्या.

मी बामचं सांगितलं. त्या हसल्या. "बाम झोंबतो. झोंबणं वेगळ्या नसेचं काम, ती वेदनेची. वास घेणारी नस निराळी. त्या डबीनं बऱ्याच जणांना फसवलंय."

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा म्हटल्यावर त्यांनी नीट समजावलं. शिंका आणि पाणी हा पहिला अंक, मास्ट पेशींचा आणि हिस्टामिनचा, काही मिनिटांचा. खरं नुकसान त्यानंतर काही तासांनी. टी-पेशी इंटरल्यूकिन-५ सोडतात, त्या हाकेवर रक्तातून इओसिनोफिल पेशी धावून येतात, ठाण मांडतात आणि आपल्याजवळचं विषारी द्रव्य आपल्याच कातडीवर ओततात. इंटरल्यूकिन-१३ शेंबूड वाढवतं. दुकानातल्या थेंबांनी सूज तात्पुरती दबते आणि उलट वाढते. मी म्हणालो, पण पराग इतका निरुपद्रवी असताना असं का? त्यांचं उत्तर उतरवून ठेवतो, छान होतं: "आपलं कुठलं, परकं कुठलं एवढं या पेशींना कळतं. पण एखादं परकं वाईटच, असं त्यांनी एकदा ठरवलं की मग पुरावा लागत नाही, नुसती चाहूल पुरते. एक पेशी रसायन सोडते, त्यावर दुसऱ्या येतात, त्या आणखींना बोलावतात. गवत कधीच निघून गेलेलं असतं. सूज राहते."

थोड्या दिवसांच्या गोळ्या, आणि नाकात रोज मारायचा स्टेरॉइडचा फवारा. वास परत येईल असं वाटतं, म्हणाल्या, पण धीर धरा.

"वास कधीपासून गेलाय?"

मी विचार केला. करपलेलं दूध. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीपासून तरी.

बसमध्ये खिडकीशी बसलो. बाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी फुलं.

११ ऑक्टोबर

सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नाक बंद. फरिदाबीचा डबा एकवीस सप्टेंबरला. मग मी त्या दिवशी काय हुंगलं?

सकाळपासून हाच प्रश्न. मी खोटं बोललो नाही. तो दर्प मला खरंच आला होता, मी मागं सरलो होतो. रिकाम्या बाटलीत लवंग आली तसाच. फक्त लवंग मी अंदाजानं म्हणालो होतो आणि बोकड मात्र खात्रीनं.

तारामतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "दूध करपलं त्या दिवशीच कळलं हुतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या नाकाचं तुमाला कोण सांगंल? लोक तर म्हणत्यात, बलभीम साहेबाचं नाक म्हंजी कोर्ट."

१२ ऑक्टोबर

दसरा. आण्णासाहेबांकडं आपट्याची पानं द्यायला गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं खिशात घातली, दार लोटलं.

"दिवाळी होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "आता जाहीर केलं तर दोन महिन्यांचा सगळा माल संशयात जाईल. तोवर तुम्ही डबे उघडायचे, मान हलवायची. वास गोरोबा घेईल. खूण ठरवून घ्या."

"आणि फरिदाबी?"

"तिचं दिवाळीनंतर बघू. एक बाई हाय. पन्नास घरं हायत इकडं." मग खांद्यावर हात ठेवून, "तुम्ही प्रामाणिक आहात, म्हणून तर सांगतोय."

त्यांच्या घरचा पेढा हातात होता. तोंडात टाकला. गोड, बाकी मातीसारखा.

मला भीती वाटते, ती नोकरीचीच. दुसरं काही म्हणवत नाही.

१४ ऑक्टोबर

सांगून टाकलं. रांग लागली होती, मी डबा उघडायच्या आधी वजनकाट्याच्या ओट्यावर चढलो. म्हणालो, माझं नाक दीड महिन्यापासून काम करत नाही. मी जे घेतलं ते डोळ्यांनी घेतलं. फरिदाबीचे दोन डबे मी परत केले, त्यांना वास असल्याचं मी सांगितलं, ते मला कळणं शक्यच नव्हतं. आजपासून वास रांगेतल्याच दोघांनी घ्यायचा, रोज वेगळ्या दोघांनी. मी फक्त नोंद करीन.

मग कुणीतरी म्हणालं, "म्हंजी म्या शेण आणलं आसतं तर ते बी पास झालं आसतं की!" सगळे हसले. शंकरप्पांनी माझी पाठ थोपटली. "हुतं आसं. माणसाला आजार व्हायचाच." त्यांच्या बुरशीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इतक्या सहज मला माफ करून टाकलं की त्या माफीचीच किळस आली. फरिदाबीची बाजू घ्यायला एवढी घाई कुणी केली नव्हती.

आण्णासाहेब फक्त म्हणाले, "दिवाळीनंतर बसू."

दुपारी फरिदाबीच्या वस्तीवर गेलो. गोठा शेणानं सारवलेला, दोन म्हशी, कडबा. भट्टी थंड. शेळी दिसली नाही. मी इकडंतिकडं पाहतोय हे तिच्या लक्षात आलं.

"शेळ्या दोन साल झालं इकल्या, साहेब. त्या दिवशी त्येच सांगत हुते म्या."

मी उभा होतो. तिनं बाज पुढं सरकवली तेव्हा बसलो. मी तिला नाकाचं, गवताचं, पेशींचं सगळं सांगितलं. फार लांबवलं, हे आता कळतं. ती ऐकत होती.

"म्हंजी तुमाला वास येतच नव्हता."

"नाही."

"मग बोकड कुठनं आला?"

"भास झाला असेल."

"भास," ती म्हणाली. जराशी हसल्यासारखी वाटली, पण ते हसू नसावं. "च्या घ्या."

उद्यापासून खवा आणा म्हणालो. बघू, म्हणाली.

१७ ऑक्टोबर

आली. आणि डब्याचं झाकण घरूनच उलटं लावून आली. रांगेत सगळ्यांना दिसेल असा डबा कमरेवर.

आज वास घ्यायला एक जळगे म्हणून आहेत ते आणि शंकरप्पांचा भाऊ होते. दोघांनी हुंगलं. भाऊ पुन्हा वाकला, पुन्हा हुंगलं, जसा काही नसलेला वास शोधून काढायचा होता. शेवटी म्हणाला, "न्हाय. बरा हाय."

मी झाकण सुलटं करायला हात पुढं केला. तिनं डबा बाजूला घेतला. "ऱ्हाऊ द्या, साहेब. म्या लावते." आणि स्वतः लावलं.

तिच्या पुढं आणि मागं एकेक डबा मावेल एवढी जागा रांगेत रिकामी होती. कुणी मुद्दाम सोडली असं दिसत नव्हतं. हॉटेलवाल्यानं अजून दूध सुरू केलेलं नाही. मी जाऊन सांगितलं, तर म्हणाला, "तुमचं खरं आसंल, पर गिऱ्हाइकाच्या मनात बसलंय ना आता."

२४ ऑक्टोबर

फवारा चालू. अप्पांचा एक मित्र सांगून गेला, स्टेरॉइडची सवय लागते, हाडं पोकळ होतात. एक दिवस भीतीनं मारला नाही. मग बाईंना फोन केला; नाकापुरता आहे, अंगात फार कमी जातो, बंद करू नका, म्हणाल्या. शिंका कमी. रुमाल एकच पुरतो. वास नाही.

३१ ऑक्टोबर

पहिली आंघोळ. तारामतीनं उटणं लावलं. मी डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही.

२ नोव्हेंबर

पहाटे जाग आली ती वासानं.

आधी कळेना काय आहे. जड, तिखट, कुजकं. जुन्या चरबीत मूत कालवावं तसं. नाकातून घशात उतरला आणि तिथंच बसला. उठून बसलो. वाटलं, घरात काहीतरी मेलंय. अंथरूण हुंगलं, उशी हुंगली. मग खिडकी उघडली आणि तो अंगावर आला.

बोकड उभा होता. माझ्याकडं बघून त्यानं मान वर केली. या दिवसांत तो माजावर असतो आणि स्वतःच्याच दाढीवर मुततो. हे मी कित्येक वर्षं पाहतो आहे. त्याला वास असतो हे मात्र माझ्या नाकानं कधीच सोडून दिलं होतं; आपल्या घरातला होता तो.

खुंटीवर केंद्रावर घालायचा शर्ट होता. नाकाला लावला. तोच. पॅन्टच्या मांडीला, जिथं तो मान घासतो तिथं, तर बोट लावलं तरी लागावा असा. धुतलेल्या दुसऱ्या शर्टालाही होता, खिडकीतच वाळतो.

'व्हय साहेब. वास तर हाय.' गोरोबा खोटं बोलला नव्हता.

आणि फरिदाबी. वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं तिनं.

मोरीत जाऊन ओकलो. दिवाळीचं सगळं पडलं.

४ नोव्हेंबर

नवा शर्ट घालून, बोकडाच्या वाटेला न जाता केंद्रावर गेलो. गोरोबाला आधी बाजूला घेतलं. "वास कुणाचा येत होता?"

तो वजनं पुसत राहिला. "साहेब, तुमी इचारलं वास येतोय का. तुमी कुणाचा त्ये इचारलं न्हाय."

फरिदाबी रांगेत होती. झाकण सुलटं. मी तिच्यापुढं गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "फरिदाबी, बोकड माझा होता. वास माझ्या कपड्यांना होता. तुमच्या डब्याला कधीच नव्हता."

कुणी हसलं नाही. या वेळी कुणी पाठही थोपटली नाही. जो तो आपापल्या डब्याकडं बघत होता.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, साहेब? घाण तुमच्या अंगाला हाय, आसं? रांगेत हुबं ऱ्हाऊन म्या बोलायचं ह्ये तुमाला?" तिनं डबा काट्यावर ठेवला. "आन् बोलले आस्ते, तर त्यो वास बी माझाच निघाला आस्ता."

डबा उघडला. हुंगण्याची पाळी आज दुसऱ्यांची होती, पण वास माझ्यापर्यंत आला. ताजं दूध, किंचित धूर, तूप. फक्त खवा. मला डोळे पुसावे लागले आणि नेमकी शिंकही आली, त्यामुळं कुणाला काय समजायचं ते समजलं असेल.

तिच्या मागं अजून एका डब्याची जागा रिकामी होती. मी माझी खुर्ची उचलून तिथं ठेवली आणि तिथूनच नोंदी केल्या. आण्णासाहेब उद्या बोलावणार आहेत.

घरी आल्यावर अप्पांना म्हणालो, बोकड खिडकीखालून काढून परड्यात बांधू या, फार वास येतो.

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या तोंडावर थुंकलो होतो.

"वास?" ते म्हणाले. "देवाचा हाय त्यो. त्येला कसला वास?"

आणि त्यांनी बोकडाच्या दाढीवरून हात फिरवला आणि तोच हात, अंगारा लावावा तसा, कपाळाला लावला.